स्वतःच्या पैशातून पेपरात राजकीय जाहिरात द्यावी का? थोडं सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते आधी लिहितो, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुम्ही निवृत्त आहात, कुठल्याच पक्षात नाही, संसदेत येणाऱ्या एका विधेयकाला तुमचा मनापासून विरोध आहे. आयुष्यभराच्या बचतीतला साधारण दहावा हिस्सा घालून एका मोठ्या पेपरात स्वतःच्या नावाने फुल पेज जाहिरात द्यायची, तीही चर्चेच्या दिवशी सकाळी, असं तुमच्या मनात आहे. चौदाशे शब्दांचा मजकूर तयार आहे. घरचे म्हणतात पैसे पाण्यात जातील, आणि तुमचा प्रश्न आहे, "अशा जाहिरातीने खरंच काही फरक पडतो का?"

मी बावीस वर्षं पेपरच्या जाहिरातींचं काम करतोय, आधी एका पेपरच्या जाहिरात विभागात आणि नंतर एजन्सीत. बहुतेक काम मालाच्या जाहिरातींचं, पण मुद्द्याच्या, म्हणजे कुणीतरी स्वतःचं म्हणणं मांडायला दिलेल्या जाहिराती पण बऱ्याच केल्यात. त्या देणारी माणसं मला नेहमी आवडत आली आहेत, कारण त्यांना त्यातून स्वतःसाठी काही मिळवायचं नसतं. म्हणूनच त्यांचे पैसे वाया गेले की मला जास्त लागतं.

फरक पडतो का, याला सरसकट उत्तर नाही. कुणावर पडायला हवा ते आधी ठरवायला लागतं. तुमच्या मजकुराची सुरुवात "सर्व नागरिकांना आवाहन" अशी आहे. सगळ्या नागरिकांना उद्देशून लिहिलेली जाहिरात कोणाच्याच नावची नसते, माणूस पान उलटतो आणि पुढे जातो. तुमच्या विधेयकाचा निकाल किती लोकांच्या हातात आहे? विधेयक तपासणाऱ्या संसदेच्या समितीतले वीस-पंचवीस सदस्य, दोन-तीन कुंपणावर बसलेले पक्ष, आणि त्यांच्यावर रोज लिहिणारे मोजके पत्रकार. तुमचे खरे वाचक एवढेच, बाकीचे लाखो लोक साक्षीदार. साक्षीदार पण लागतात, कारण आपल्या मतदारांनी हे वाचलंय हे सदस्याला कळलं की तो ते वाचतो. पण लिहायचं त्या वीस-पंचवीस जणांना समोर बसवून.

यातूनच दिवसाचा प्रश्न सुटतो. चर्चेच्या दिवशी सकाळी जाहिरात देणं मला पटत नाही. तोपर्यंत पक्षांचे व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचे आदेश, निघालेले असतात, कोण कुठे मत देणार ते ठरलेलं असतं, आणि त्या दिवशीचा पेपर तसाही त्याच विषयाच्या बातम्यांनी भरलेला असतो, त्यात तुमचं पान बुडून जातं. विधेयक समितीकडे असताना, सूचना मागवल्या जात असताना, पक्षांनी अजून जाहीर भूमिका घेतलेली नसताना जाहिरात आली तर एखाद्याला मत बदलायला जागा असते. एकदा माणूस माइकसमोर बोलला की मत बदलणं त्याला जड जातं.

आता त्या चौदाशे शब्दांबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. १९६० सालच्या २९ मार्चला न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक फुल पेज जाहिरात आली होती, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावासाठी नेमलेल्या समितीने दिलेली. साधारण ४,८०० डॉलर लागले होते. हेतू अगदी स्वच्छ, अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या विद्यार्थ्यांवर जे चाललं होतं ते सांगायचं आणि निधी गोळा करायचा. पण मजकुरात बारीक बारीक चुका राहून गेल्या. किंगना सात वेळा अटक झाली असं लिहिलं, झाली होती चार वेळा. विद्यार्थ्यांनी दुसरंच एक गाणं म्हटलं असं लिहिलं, त्यांनी म्हटलं होतं राष्ट्रगीत. कॉलेजच्या जेवणघराला कुलूप ठोकलं असं लिहिलं, तसं झालंच नव्हतं. मूळ अन्यायापुढे या चुका काहीच नाहीत, पण अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराच्या सुलिव्हन नावाच्या कमिशनरने त्याच पकडून बदनामीचा दावा लावला. जाहिरातीत त्याचं नाव सुद्धा नव्हतं! आणि पेपरच्या त्या अंकाच्या साडेसहा लाखांच्या आसपास प्रतींपैकी अलाबामा राज्यात गेल्या होत्या फक्त ३९४. तरी तिथल्या ज्युरीने पाच लाख डॉलरची भरपाई ठोकली. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च १९६४ ला तो निकाल फिरवला आणि त्यातून अमेरिकेत पत्रकारितेला मोठं संरक्षण मिळालं, ते सगळं खरं. पण मधली चार वर्षं बघा. त्या जाहिरातीखाली अलाबामातल्या चार काळ्या धर्मोपदेशकांची नावं त्यांना न विचारता छापली होती, त्यांच्यावर पण दावे झाले आणि त्यांच्या गाड्या वगैरे मालमत्ता जप्त झाली. न विचारता टाकलेल्या नावांपायी!

त्या केसमधली एक गोष्ट मी प्रत्येक क्लायंटला सांगतो. टाइम्सच्या स्वतःच्या बातम्यांच्या फायलींमध्ये खरी माहिती पडून होती, पण जाहिरात विभागाने ती उघडून बघितली नाही, कारण सह्या करणारे मोठे लोक होते. आजही असंच चालतं. पेपरचा जाहिरात विभाग मजकूर कायदेशीर भानगडीच्या नजरेने चाळतो, तुमचे आकडे बरोबर आहेत का हे तपासून द्यायला तिथे कुणी बसलेलं नसतं. ते काम तुमचं. आणि तुम्ही एकटे आहात, मागे संस्था नाही, चूक झाली तर नोटीस तुमच्या घरी येणार. शिवाय अमेरिकेतलं ते संरक्षण सगळ्या देशांत नाही हे पण लक्षात असू दे.

माझी पद्धत सांगतो. मजकुराची प्रिंट काढायची, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. पेन्सिल घेऊन एकेका वाक्यावर थांबायचं. वाक्य माहितीचं असेल तर समासात नंबर टाकायचा आणि त्या नंबरचा कागद फाइलला लावायचा, म्हणजे अहवालाचं पान, कामकाजाची नोंद, जे असेल ते. वाक्य मताचं असेल तर "म" लिहायचं. ज्या वाक्यापुढे नंबर पण नाही आणि "म" पण नाही ते काढून टाकायचं, कितीही आवडतं असलं तरी. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त प्राध्यापक बाईंची हाफ पेज जाहिरात करत होतो, रात्री साडेनऊला फायनल प्रूफ आलं, त्यात एक वाक्य होतं, "तज्ज्ञ समितीने या तरतुदीला एकमताने विरोध केला." समोर नंबर होता, पण मला स्वस्थता नव्हती म्हणून अहवाल परत उघडला, तर शेवटून दुसऱ्या पानावर एका सदस्याची भिन्नमतपत्रिका. बाईंनी ती वाचलीच नव्हती कारण सारांशात तिचा उल्लेख नव्हता. "एकमताने" खोडून "बहुमताने" केलं, वीस मिनिटं राहिली होती पान सुटायला. दोन दिवसांनी विधेयकाच्या बाजूच्या एका लेखकाने त्याच पेपरात बाईंच्या जाहिरातीला उत्तर दिलं, जोरदार दिलं, पण सगळा वाद मुद्द्यावर झाला. तो शब्द राहिला असता तर पूर्ण लेख त्या एका शब्दावर झाला असता.

मजकूर कापा, हे ओघाने आलंच. चौदाशेचे तीनशे करा. माझ्या अनुभवात तीनशे-साडेतीनशे शब्दांच्या वर गेलं की वाचणारा फक्त तोच उरतो जो आधीच तुमच्या बाजूचा आहे. त्या तीनशेत सुरुवातीलाच एक ओळ तुमच्याबद्दल हवी, तुम्ही कोण, आणि या विषयात बोलायचा तुम्हाला काय हक्क. हाँगकाँगचे अब्जाधीश ली का-शिंग यांनी १६ ऑगस्ट २०१९ ला तिथल्या आंदोलनाच्या काळात अनेक पेपरांत पहिल्या पानावर जाहिराती दिल्या, सही "एक हाँगकाँगचा नागरिक ली का-शिंग" अशी, मजकूर जेमतेम काही ओळी आणि एक जुनी काव्यपंक्ती. लोकांनी तो शब्द न् शब्द सोडवत बसून त्यातून परस्परविरोधी अर्थ काढले. त्यांना ते परवडलं कारण नाव वाचूनच लोक थांबले. तुमच्या-माझ्या नावावर कोण थांबणार? आपण सरळ सांगायचं, की मी एवढी वर्षं अमुक खात्यात काम केलं, हा कायदा मी रोज वापरला, आणि त्यातलं हे कलम बदललं तर असं होईल. तुम्ही तुमच्या नोकरीबद्दल प्रश्नात ओझरतं लिहिलंय, मला तर तेच तुमच्या जाहिरातीचं सगळ्यात भक्कम वाक्य वाटतं आणि तुमच्या मजकुरात ते अकराव्या परिच्छेदात आहे.

रागाबद्दल पण एक सांगतो, कारण तुमच्या मजकुरात काही वाक्यं फार गरम आहेत. १९८९ च्या १ मे ला डोनाल्ड ट्रम्प यांनी न्यूयॉर्कच्या चार पेपरांत फुल पेज जाहिराती दिल्या, त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे सुमारे ८५,००० डॉलर स्वतःचे घालून. सेंट्रल पार्कमध्ये एका बाईवर भयंकर हल्ला झाला होता, पाच पोरं पकडली होती, शहर संतापलेलं होतं, आणि जाहिरातीत फाशीची शिक्षा परत आणा अशी मागणी होती. मुलांची नावं त्यात नव्हती, खटला पण सुरू व्हायचा होता. नंतर त्यांना शिक्षा झाल्या, आणि २००२ साली खरा गुन्हेगार कबूल झाला, डीएनए जुळलं, पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. ती पानं आजही काढून दाखवली जातात. भाषणातलं वाक्य हवेत जातं, छापलेलं पान तुमच्या सहीसकट कायमचं राहतं. म्हणून मी म्हणतो मजकूर लिहून झाला की निदान दहा दिवस ठेवा, आणि तुमच्या विरुद्ध मताच्या पण सज्जन अशा एका माणसाला वाचायला द्या.

फुल पेजच हवं का? मला नाही वाटत. इराकवरचं युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही असं सांगणारी जाहिरात २००२ च्या २६ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या ३३ अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिली, ऑप-एड पानावर, म्हणजे मतांच्या लेखांच्या पानावर, खर्च त्यांनी आपसात वाटून घेतला. युद्ध काही थांबलं नाही, मार्च २००३ मध्ये सुरू झालं. तरीही ती जाहिरात आजपर्यंत आठवली जाते, कारण जागा बरोबर होती, मुद्दे मोजके होते आणि सह्या त्या विषयातल्या लोकांच्या होत्या. तुम्हीही तुमच्या खात्यातून निवृत्त झालेले आणखी पाच-सात जण शोधा, त्यांच्याकडून लेखी संमती घ्या (वर त्या चार धर्मोपदेशकांचं सांगितलं ते विसरू नका), खर्च पण वाटला जाईल. संपादकीय पानाच्या आसपास उजव्या हाताच्या पानावर क्वार्टर पेज मिळालं तर मी ते आतल्या कुठल्याशा फुल पेजपेक्षा आधी घेईन. तुमच्या वीस-पंचवीस वाचकांचे डोळे तिथे जातात.

रेटबद्दल थोडक्यात. रेट कार्डवरचा आकडा ही बोलणीची सुरुवात असते, पण राजकीय मजकुराला बरेच पेपर वेगळा रेट लावतात आणि पैसे आधी घेतात. "अमुक दिवशीच हवी" म्हटलं की महाग, "या आठवड्यात जागा असेल तेव्हा टाका" म्हटलं की स्वस्त, त्याला स्टँडबाय म्हणतात. २००७ साली मूव्हऑन या संघटनेने एका जनरलविरुद्ध टाइम्समध्ये जाहिरात दिली, ठरलेल्या दिवशी हवी होती पण त्यांना स्टँडबायचा रेट लागला, साधारण ६५,००० डॉलर, जिथे १,४२,००० लागायला हवे होते. त्यावर इतका गदारोळ झाला की पेपरला चूक मान्य करावी लागली, संघटनेने वरचे पैसे भरले, आणि जाहिरातीच्या मुद्द्याबरोबर बिलाची पण चर्चा होत बसली. म्हणून राजकीय जाहिरातीत ओळखीपाळखीने सवलत मागू नका. जो रेट सगळ्यांना तोच घ्या, आणि रिलीज ऑर्डरवर, म्हणजे जाहिरात छापायच्या लेखी ऑर्डरवर, तारीख, एडिशन, पान, साइज, रेट आणि "मजकूर बदलल्यास लेखी संमती" एवढं नीट लिहून घ्या. शेवटच्या ओळीचं कारण सांगतो, एकदा एका पेपरने संध्याकाळी सात वाजता आमच्या जाहिरातीतली दोन वाक्यं परस्पर काढली आणि आम्हाला ते सकाळी छापून आल्यावर कळलं. जाहिरात नाकारायचा हक्क पेपरला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण न सांगता बदलली की तुमच्या सहीखाली दुसऱ्याचा मजकूर जातो.

कायद्याचं मात्र तुमच्या देशातल्या वकिलाकडूनच बघून घ्या, कारण देशागणिक चित्र पार बदलतं. मुख्य रेघ एकच धरा, जाहिरात मुद्द्याबद्दल आहे की उमेदवाराबद्दल. अमेरिकेत १९७६ च्या बकली केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एखाद्याने उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे स्वतःचे पैसे खर्च केले तर त्यावर मर्यादा घालता येणार नाही, आणि निकालात उदाहरणच पेपरच्या जाहिरातीचं दिलंय, की कायद्यातली मर्यादा वर्षाला १,००० डॉलर आणि एका मोठ्या पेपरात एका दिवसाचं फुल पेज ६,९७१ डॉलरचं, मग माणसाने बोलायचं कसं. तरी तिथेही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात असा खर्च वर्षाला २५० डॉलरच्या वर गेला की निवडणूक आयोगाला कळवावं लागतं. ब्रिटनमध्ये निवडणुकीच्या ठराविक काळात पक्षाबाहेरच्या व्यक्तीचा प्रचारखर्च १०,००० पौंडांच्या वर जाणार असेल तर आधी नोंदणी लागते. भारतात तर उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या विजयासाठी जाहिरातीवर खर्च केला तर न्याय संहितेच्या कलम १७६ खाली दंड होतो. एकाच जाहिरातीला तीन देशांत तीन उत्तरं. तुमची जाहिरात विधेयकाबद्दल आहे हे चांगलंय, पण मजकुरात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही एका नेत्याला "येत्या निवडणुकीत घरी बसवा" म्हटलंय, त्या एका वाक्याने ती रेघ ओलांडली जाते. ते काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे माझ्याकडून सुरुवातीच्या वर्षांत नेहमी राहून जायचं. जाहिरात वाचून पटलेल्या माणसाने पुढे करायचं काय? १९६६ साली ग्रँड कॅन्यनमध्ये धरणं बांधायचा घाट घातला होता तेव्हा सिएरा क्लब या संस्थेने ९ जूनला न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टमध्ये जाहिरात दिली. टाइम्समध्ये दोन मजकूर वापरून बघितले, काही प्रतींत एक आणि काहींत दुसरा. एक साधं खुलं पत्र होतं, दुसऱ्यात कापून पाठवायची कुपनं होती, राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं, संबंधित मंत्र्यांच्या नावाचं वगैरे. कुपनांच्या जाहिरातीला जास्त प्रतिसाद आला. दुसऱ्याच दिवशी कर खात्याचं पत्र संस्थेच्या दारात, की तुमच्या देणग्यांवरची करसवलत आता धरून चालू नका. ही बातमी झाली, ज्यांनी जाहिरात बघितली नव्हती त्यांनी पण बघितली, आणि १९६८ मध्ये कायदा झाला तो त्या धरणांशिवाय. तिथे सगळी कमाल जाहिरातीची नव्हती, मागे वर्षानुवर्षांची चळवळ होती, पण कात्री घेऊन कागद कापायला लावणारी ती जाहिरात वाचकाचा कार्यकर्ता करत होती.

माझ्या पहिल्या मुद्द्याच्या जाहिरातीत आम्ही खाली फक्त ईमेल दिला होता. दोन दिवसांत शेकडो मेल आले, त्यातले कितीतरी एकाच ओळीचे, "मी काय करू शकतो?" आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण सगळे पैसे आणि सगळी ताकद त्या पानात गेलेली. सगळ्यांना उत्तरं जाईपर्यंत तीन आठवडे गेले, तोवर लोक थंड झाले होते. ते मेल मी अजून ठेवलेत.

म्हणून तुमच्या दहाव्या हिश्श्याचं मी असं करीन. त्यातला निम्म्याहून कमी भाग जाहिरातीला. थोडा वकिलाला, छापायच्या आधी मजकूर वाचायला. थोडा एका साध्या वेबपेजला, जिथे तुमच्या समासातल्या नंबरांचे सगळे कागद ठेवलेले असतील आणि समितीला पाठवायचं पत्र तयार असेल, वाचकाने फक्त नाव घालायचं. जाहिरातीचं कात्रण आणि एक पानी टिपण समितीच्या प्रत्येक सदस्याला आणि त्या मोजक्या पत्रकारांना त्याच सकाळी पोचलं पाहिजे, त्याची सोय आधी करून ठेवायची. आणि एक हिस्सा बाजूला, विधेयकात दुरुस्ती आली किंवा कुणी उत्तर दिलं तर दुसऱ्या छोट्या जाहिरातीसाठी. करात काही सुटेल असं धरू नका, बहुतेक ठिकाणी नाही सुटत.

घरच्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दहावा हिस्सा जास्त की कमी हे परिस्थितीवर आहे, घरात कुणाचं आजारपण आहे का, कुणी तुमच्यावर अवलंबून आहे का, हे मला माहीत नाही. मी क्लायंटला एवढंच विचारतो, जाहिरात आली, कुणी फोन केला नाही, विधेयक जसंच्या तसं मंजूर झालं, तर सहा महिन्यांनी या पैशाची आठवण आल्यावर तुम्ही कुणाला दोष द्याल? "कुणालाच नाही, बोलायचं होतं ते बोललो" असं उत्तर मनापासून आलं तर खर्च करा. खातं जॉइंट असेल तर हा प्रश्न दोघांनाही आहे, आणि दुसऱ्याची हो नुसती मान डोलावून नको, समोर बसून हवी. कर्ज काढून तर अजिबात नको.

आत्ता लगेच दोन कामं करा. समितीची सूचना पाठवायची शेवटची तारीख बघा आणि तिच्या आधीचे पंधरा दिवस जाहिरातीसाठी धरा. आणि मजकूर तीनशे शब्दांवर आणून समासातल्या नंबरांसकट इथेच टाका, नावं झाकून. मी पेन्सिल घेऊन वाचतो आणि कुठे अडलो ते वाक्यागणिक लिहितो.